डिकीतली गोल जागा

मी आजारी नव्हते.

हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिणं जमेल. गेल्या जूनमध्ये नेवाडातल्या त्या खडीच्या रस्त्यावरून आपण अर्ध्यातून परत फिरलो, ते आजीला बरं वाटेनासं झालं म्हणून, असं तुम्ही दोघी समजता. थोरलीने शाळेच्या निबंधात तसं लिहिलंही. तुमच्या आईने त्या पानाचा फोटो मला इथे पुण्याला पाठवला, खाली एक अक्षरही न लिहिता. मी तो तीनदा वाचला. व्याकरण उत्तम आहे. मजकूर खोटा आहे, आणि तो खोटा आहे याला कारण मी आहे.

वाचताना कुठे अडलं तर आईला विचारा. तिला यातलं सगळं माहीत आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरात एकटी होते. तुमचे आईबाबा ऑफिसात, तुम्ही दोघी पोहायला. बेलव्ह्यूच्या त्या घरात दुपारी इतकी शांतता असते की माझे हात शिवशिवायला लागतात. पण हातांवर बंदी होती. मी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तुमच्या आईचं मसाल्याचं कपाट लावून दिलं होतं. रोजचे मसाले खाली, क्वचित लागणारे वर, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. संध्याकाळी तिला जिरं सापडायला दहा मिनिटं लागली. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, हात लावायच्या आधी मला एकदा विचाराल का?" मी हो म्हटलं. बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत सुपरवायझर होते मी. तशा शांत आवाजात मीही बोलायची, त्यामुळे त्याचा अर्थ काय असतो ते मला पक्कं ठाऊक होतं.

सहलीच्या सामानाचाही नियम ठरला होता. खाण्याची एक पिशवी आणि एक बर्फाची पेटी. "सहा दिवस, पाच माणसं. उपाशी नाही मरणार आपण, आई," असं ती हसत म्हणाली होती. पण मी आठवडाभर आधीपासूनच सुरुवात केली होती. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडी. शिवाय विजेवरचा छोटा कुकर, कारण तुमच्या बाबाला लहानपणापासून प्रवासात तिसऱ्या दिवशी भात आठवतो. हे सगळं एका पिशवीत बसणार नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

नियम मोडायचा असं मी ठरवलं नव्हतं. मोठी गाडी घरीच होती आणि मागे बिस्किटांचा चुरा पडला होता म्हणून मी व्हॅक्यूम घेऊन गेले. डिकीतला गालिचा उचलला, त्याखालची फळी उचलली, आणि ती जागा दिसली. गोल, खोल, स्वच्छ. तिच्यात स्टेपनी बसवलेली, म्हणजे पंक्चर झालं तर लावायचं जास्तीचं चाक. कुकर, तांदळाचा डबा आणि पुऱ्यांचे दोन डबे त्या घेरात कसे बसतील ते मी मनातल्या मनात मांडून पाहिलं. बरोबर बसत होते. वर फळी टाकली की कुणाला दिसणारही नव्हते.

मधला स्क्रू फिरवला की चाक सुटतं. वजन दळणाच्या डब्याएवढं. मी ते घरंगळत गॅरेजच्या भिंतीशी नेलं, खाली पुठ्ठा घातला आणि वर चिठ्ठी चिकटवली. "गाडीचे जास्तीचे चाक. परत आल्यावर बसवणे." खाली तारीख. हे करताना मला भीती अशी वाटलीच नाही. एकदा ट्रॅफिकमध्ये तुमचा बाबाच म्हणाला होता, "इथे टायर गेला तर काही नाही, आई. फोन करायचा, वीस मिनिटांत माणूस येतो." मी त्या वाक्यावर विसंबले. ते वाक्य बेलव्ह्यूपुरतं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिला दिवस छान गेला. ओरेगॉनमध्ये मोटेलच्या खोलीत मी डबा उघडला तेव्हा तुमची आई म्हणाली, "अहो आई, हे कुठून निघालं?"

"होतं," मी म्हटलं.

"कशात?"

"डिकीत."

हे खरंच होतं. तिने पुरी उचलली आणि विषय तिथेच राहिला. तुमचा बाबा तिसऱ्याऐवजी पहिल्याच दिवशी भात खाऊन खूश झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेवाडातल्या त्या पेट्रोल पंपावर थांबलो, आठवतं? एकच पंप, एकच झाड, आणि आत चिप्सच्या पाकिटांमागे बसलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या बाई. तुम्ही दोघी बाथरूमला गेला होतात. तुमच्या बाबाने त्यांना फोनवरचा नकाशा दाखवून चौथ्या दिवसाच्या गावाचा रस्ता विचारला. त्या गावासाठीच तर सगळी सहल होती. बाकीची ओसाड गावं वाटेत लागणार होती म्हणून धरलेली. हे मात्र त्याने कित्येक वर्षं उपग्रहाच्या फोटोत पाहून ठेवलं होतं. कंटाळवाण्या मीटिंगमध्ये तो ते गाव उघडून बसायचा, असं त्यानेच मला सांगितलं. चांदीची खाण होती तोवर तिथे माणसं होती. खाण संपली, माणसं गेली. राहिली ती एक रस्त्याकडची भिंत, काही चौथरे आणि छप्पर शाबूत असलेली एक शाळा. शाळेत फळाही आहे, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि ते ऐकल्यापासून थोरलीने दुसरं काही बोलणं सोडलं होतं.

बाई म्हणाल्या, "शेवटचे तीस मैल खडी आहे. धारदार. रस्त्यात गुरं अडवायला घातलेल्या आडव्या लोखंडी पट्ट्या लागतील, त्यांच्यापुढे फोन चालत नाही. मागच्याच आठवड्यात दोन गाड्या ओढून आणाव्या लागल्या. स्पेअर आहे ना?"

"येस मॅम," तुमचा बाबा म्हणाला. "वी हॅव अ स्पेअर."

मी त्याच्या शेजारी उभी होते. हातात तुमच्यासाठी घेतलेलं केळं होतं. त्या क्षणी बोलले असते तर सहल वाचली असती. त्या पंपापासून मोठं शहर दोन तासांवर होतं, तिथे तेव्हाच चाक मागवलं असतं तर ते वेळेत आलं असतं. पण तुमची आई काउंटरपाशी पाण्याच्या बाटल्या घेत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे जिऱ्याची बाटली आली. मी केळं पिशवीत टाकलं आणि गाडीत जाऊन बसले.

तिथून पुढे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ओसाड गावं पाहायला गेलेली मी टायर पाहत होते. पहिल्या गावात हॉटेलच्या खिडकीआड टेबलावर मांडलेल्या ताटल्या होत्या, त्यांच्यावर धुळीचा जाड थर, असं तुम्ही नंतर सांगितलंत. मला फक्त आपल्या डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर ओरखडा होता तेवढं आठवतं. दुसऱ्या गावातल्या दफनभूमीत धाकटी प्रत्येक दगडावरचं नाव मोठ्याने वाचत होती आणि मी गाडीभोवती फेऱ्या घालत होते. एक, दोन, तीन, चार.

"आजी, व्हाय आर यू वॉकिंग अराउंड द कार?" थोरलीने विचारलं.

"पाय मोकळे करतेय."

"आईला गाडी लागते बहुतेक," तुमचा बाबा म्हणाला. तुमच्या आईने पर्समधून आल्याच्या गोळ्या काढून दिल्या. चांगल्या होत्या. मी संध्याकाळपर्यंत त्या चघळत बसले आणि प्रत्येक गोळीबरोबर मला जास्त अपराधी वाटत गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोटेलच्या नाश्त्याला मी सांगायचं ठरवून उतरले. वाक्यही तयार केलं होतं. तुमचा बाबा वॉफलच्या यंत्रापाशी उभा होता. मला पाहिल्याबरोबर त्याने फोन पुढे केला.

"आई, हे बघ. ही शाळा. हे छप्पर. दिसतंय? उद्या आपण इथे असू."

चाळिशीच्या पलीकडचा माझा मुलगा, केस पुढून विरळ झालेले, बोटाला वॉफलचं पीठ. तो मला चौथीतला दिसला. मी म्हटलं, "रस्ता फार वाईट असला तर?"

"सावकाश जाऊ की."

"तरी काही झालं तर?"

"स्पेअर आहे ना यार, आई," तो म्हणाला. "तू कधीपासून इतकी घाबरायला लागलीस?"

तयार केलेलं वाक्य मी कॉफीबरोबर गिळलं. त्या दिवशी मनात आलं, मला बरं नाही असं सांगावं का? मग सगळे थांबतील. पण ते खोटं झालं असतं, आणि खोटं बोलायचं नाही असं मी स्वतःला बजावलं. गप्प बसणं हे खोटं बोलणं नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. शाळेत एखादी मुलगी हे म्हणाली असती तर मी तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी आपण त्या रस्त्याला लागलो. लोखंडी पट्ट्या खडखडल्या. मी फोन काढून पाहिला. वरच्या कोपऱ्यातल्या रेघा एक एक करून गेल्या. दोन्हीकडे राखाडी झुडपं, लांब डोंगर, आणि मध्ये आपण. थोरलीने कानांवर हेडफोन चढवले होते. धाकटी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. खडी खालून गाडीवर उडत होती. मी मैलांचा आकडा पाहत होते. पाच. सात. नऊ. परत यायलाही तेवढेच.

अकराव्या मैलाला एक मोठा दगड गाडीच्या पोटावर धाडकन आपटला.

"कसला आवाज?" तुमच्या आईने विचारलं.

"दगड. काही नाही," तुमचा बाबा म्हणाला आणि पुढे जात राहिला.

धाकटीने झोपेत मांडीवर कूस बदलली. तिच्या डोक्याचं वजन मला जाणवलं. पाण्याच्या बारा बाटल्या होत्या, सावली नव्हती. मी म्हटलं, "गाडी थांबव."

"काय झालं?"

"थांबव आधी."

त्याने थांबवली. मी म्हटलं, "स्टेपनी गाडीत नाही. घरी आहे, गॅरेजमध्ये. मी काढून ठेवली."

त्याला कळायला वेळ लागला. "काढली म्हणजे? का?"

"कुकर बसत नव्हता."

तो माझ्याकडे आरशातून पाहत होता. मग दार उघडून उतरला आणि गाडीपुढे चालत गेला, बराच लांब, ज्या दिशेला ती शाळा होती त्या दिशेला. तिथे कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

तुमची आई मागे वळली. तिने आधी तुम्हा दोघींकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "पंपावर तुम्ही तिथेच उभ्या होतात," ती म्हणाली.

"होते."

"ऐकलंत सगळं?"

"ऐकलं."

इतक्यात थोरलीने हेडफोन काढले. "व्हाय डिड वी स्टॉप? आर वी देअर?"

तुमच्या आईने अर्धा क्षणही घेतला नाही. "आजीला बरं वाटत नाहीये, बेटा. आपण परत जातोय."

मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली. मी तोंड मिटलं. जे खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, ते तिने माझ्यासाठी बोलून टाकलं, आणि मी ते घेतलं.

पुढचा सव्वा तास मी विसरणार नाही. ते अकरा मैल तुमच्या बाबाने माणूस धावेल त्या वेगाने गाडी चालवली. तुमची आई खिडकीतून चाकाकडे वाकून पाहत होती, आणि दोन दिवस जी भीती माझ्या एकटीच्या मनात होती ती आता तिघांच्या मनात होती. थोरले, तुझा चेहरा मी पाहिला होता. खिडकीला कपाळ टेकवून तू मागे पाहत होतीस. मग डोळे पुसलेस, ओला टिश्यू काढलास आणि माझं कपाळ पुसायला लागलीस. "इट्स ओके, आजी," तू म्हणालीस. "इट्स जस्ट अ स्कूल." मला डोळे मिटून घ्यायला सांगितलंस. मी मिटले, कारण तुझ्याकडे पाहवत नव्हतं.

डांबरी रस्ता लागला तेव्हा बाबाने गाडी कडेला घेतली. तुम्ही दोघी पाय मोकळे करायला त्याच्याबरोबर कुंपणापर्यंत गेलात. तुमच्या आईने डिकी उघडली, गालिचा सारला, फळी उचलली. गोल जागेत माझे डबे नीट बसले होते. एवढ्या धक्क्यांनी एकही हलला नव्हता.

ती माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही का नाही बोललात? कुणाची भीती वाटली? माझी?"

"हो," मी म्हटलं.

तिला हे उत्तर अपेक्षित नसावं. "मी इतकी वाईट वागते तुमच्याशी?"

"वाईट नाही वागत. तुझं बरोबर असतं. तू हात लावू नका म्हणालीस, मी हो म्हटलं, आणि परत हात लावला. ते तुला कळलं असतं."

"आणि मुलींना काही झालं असतं तर?"

मी डब्यांकडे हात नेला आणि मागे घेतला.

तिचे डोळे भरले होते, पण ती रागानेच रडत होती, हे मला दिसत होतं. फळी तिने दाणकन खाली टाकली. तुमचा बाबा परत आला तेव्हा त्याने एकच वाक्य म्हटलं. "आई, तू तर शाळेत मुलींना यासाठी वर्गाबाहेर उभं करायचीस." मग तो गाडीत बसला.

मोठ्या शहरातल्या टायरवाल्याने सांगितलं की या गाडीचं चाक त्याच्याकडे नाही, मागवलं तर मंगळवारी येईल. तेवढी रजा नव्हती. आपण मोठ्या रस्त्याने घरी आलो. वाटेत दोन्ही दिवस तुम्ही मला सांभाळलंत. धाकटीने मोटेलमध्ये माझ्या छातीला कान लावून ठोके मोजले आणि शंभर आहेत असं जाहीर केलं. तुम्ही जितकी काळजी घेत होतात तितकी मी अस्वस्थ होत होते. घरी पोचल्यावर मी तुमच्या आईला विचारलं, "मुलींना सांगायचं ना?" ती म्हणाली, "ते तुम्ही ठरवा, आई. मी वेळ मारून नेली. पुढचं तुमचं." तेव्हा ऑगस्टमध्ये पुण्याला निघेपर्यंत बराच वेळ होता. मी रोज उद्या म्हणत राहिले.

आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरली आधी माझी तब्येत विचारते. "आजी, आता वाळवंटातल्यासारखं होत नाही ना?" मी म्हणते, "नाही गं." ते उत्तर खरं आहे, पण प्रश्नच माझ्यामुळे चुकीचा आहे.

बाबा या जूनमध्ये पुन्हा त्या गावाला जायचं म्हणतो. तो मला अजून त्या चाकाबद्दल काही बोललेला नाही, एरवी सगळं बोलतो. पण परवा तुमच्या आईचा फोन आला. "आई, तिकीट काढू का? जूनच्या आधी पोचाल असं."

"त्याने विचारायला सांगितलं?"

"नाही. मी विचारतेय." मग ती म्हणाली, "गाडी आपण दोघी मिळून भरू. त्याला नको मध्ये."

मला हो म्हणावंसं वाटलं. पण मी तिला सांगितलं की आधी मुलींना लिहिते, त्यांचं उत्तर येऊ दे, मग तिकीट. माझ्याशेजारी मागच्या सीटवर तुम्ही दोघीच बसणार आहात. कुणाशेजारी बसतोय हे तुम्हाला माहीत असायला हवं.

थोरले, तुझी शाळा माझ्यामुळे हुकली. रागावायचं असेल तर रविवारी रागाव, इंग्रजीत रागावलीस तरी मला सगळं कळतं. धाकटीला हे वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. आणि तब्येत विचारू नका. ती ठणठणीत आहे, तेव्हाही होती.